मऊ मटण

शिमग्याला शेजाऱ्यांनी मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्ची पपई घातली होती. दोन घासांतच सोनू तारीचा गळा सुजला, श्वास अडकला. तो कसाबसा वाचला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोने, मथुरेने, परसातलं पपईचं झाड कोयत्याने तोडून टाकलं.

पुढे एकोणसत्तर साली, होडी वल्हवून वल्हवून सोनूच्या मणक्यातली चकती सरकली, तेव्हा मथुरा त्याला वालावलहून मुंबईच्या इस्पितळात घेऊन आली.

"कुठलं औषध कधी बाधलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध? गोळी कशी दिसता ताच माका म्हायत नाय, सायबानू!" सोनू हसला. खरंच होतं ते. मथुरेनेही मान डोलावली.

नवीन औषधाची सुई द्यायला त्याला आत नेलं. मथुरा बाहेर पदराचं टोक चावत बसली. थोड्या वेळाने नर्स हसतच बाहेर आली.

"झालं हो बाई, सुई टोचली. चिरफाड नाही, काही नाही." मग तिने मथुरेला समजावून सांगितलं:



"कच्च्या पपईच्या चिकाने मटण कसं मऊ होतं, तशी त्याच चिकाच्या औषधाने आता चकती विरघळेल."