धाकट्या डोंगरावरचा कचरा

मास्तर पुन्हा खाकरून वाटेच्या कडेला थुंकले. निरीक्षकांनी नाकाला रुमाल लावला आणि ओठांवर आलेली शिवी गिळली.

न बोलण्याचं कारण बायको. सकाळी डबा हातात देताना तिने बजावलं होतं, "दरवर्षी पानगळीत तिघं मिळून हसत चढता आणि भांडून उतरता. या वेळी कुणी थुंको, कुणी काही टाको, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही." निरीक्षकांनी शब्द दिला होता. नगरपालिकेत तीस वर्षं स्वच्छता निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाने असा शब्द देणं म्हणजे मांजराने दुधाची राखण पत्करण्यासारखं. पण शब्द तो शब्द.

मागच्या मोठ्या डोंगरामुळे याला सगळे धाकटा डोंगर म्हणत. चढ फारसा नव्हता, पण पालापाचोळ्याने वाट झाकून गेली होती. मोबाइलला रेंज नव्हती. मास्तर पुढे, टेलर मधे आणि निरीक्षक सर्वांत मागे. मागे चालायचं हा त्यांचाच नियम. मागून सगळ्यांची घाण दिसते.

"काय रे," टेलर वळून म्हणाले, "तुझी लेक आत्ता समोर येऊन उभी राहिली तर?"

निरीक्षकांनी खांद्यावरची कचऱ्याची पिशवी सावरली.

"आली तर येऊ दे. मी काही तोंड फिरवणार नाही."

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना. चल पुढे."

लेकीचं नाव निघालं की त्यांना तो पाण्याचा ग्लास आठवे. गटारं उपसणाऱ्या टोळीतल्या एका मुलाशी तिने लग्न केलं होतं. निरीक्षकांच्याच हाताखालचा मुलगा. कामसू, निर्व्यसनी, हसतमुख. ते एकदाच तिच्या घरी गेले. जावयाने पाणी आणून पुढ्यात ठेवलं आणि त्यांना त्या हातांचा वास आला. घासूनपुसून लख्ख केलेल्या हातांचा वास. ग्लास तसाच ठेवून ते उठले. लेक दारापर्यंतही आली नाही. त्याला सहा वर्षं झाली.

वास हातांना नव्हता, हे त्यांना केव्हाच कळून चुकलं होतं. ग्लास आठवला की आता स्वतःचीच किळस येई. पण फोन उचलायला हात धजत नसे. आज रात्रीच्या विमानाने ती नवऱ्याला आणि पोराला घेऊन कायमची परदेशी जाणार, हे बायकोकडून कळलं होतं. नातवाचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.

पहिला फाटा आला. टेलरनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि साल सरळ वाटेवर टाकली. मग मागे वळून निरीक्षकांकडे पाहिलं. आता शिव्या पडणार, या तयारीने पाहावं तसं.

निरीक्षकांनी ओठ घट्ट मिटले. ते बोलत नाहीत असं पाहून टेलर निवांत पुढे निघाले. बिया थुंकत, बोटं चाटत, हनुवटीवरून रस गाळत.

इतकी वर्षं चिंधीसुद्धा खिशात घालून घरी नेणारा हा माणूस. याचीही मती फिरली. ते दोघं वळणाआड गेल्यावर निरीक्षकांनी खिशातून कचरा उचलायचा चिमटा काढला, साल उचलली आणि पिशवीत टाकली. बोलायचं नाही म्हणून शब्द दिला होता. उचलायचं नाही म्हणून नाही.

दुसऱ्या फाट्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. निरीक्षक वाकत होते, उचलत होते, मनातल्या मनात लाखोली वाहत होते. मास्तरांनी नाक पुसून फेकलेला कागद उचलताना तर त्यांना ओकारीच आली.

माथ्यावर पोहोचल्यावर मास्तरांनी बूट काढून ओले मोजे दगडावर वाळत घातले. त्याच दगडावर उकडलेली अंडी सोलली. त्या दोन वासांच्या मिश्रणाने निरीक्षकांना जेवण जाईना.

"उतरू या," ते म्हणाले.

"थांबू की थोडं," टेलर म्हणाले. ते वाटेकडे तोंड करून बसले होते.

एक तास गेला. मग दुसरा गेला. टेलर सारखे उठून खाली डोकावत. "अजून अर्धा तास," मास्तर म्हणाले, मग पुन्हा तेच म्हणाले. शेवटी उन्हं कलली तेव्हा टेलर मुकाट्याने उठले.

उतरताना टेलर प्रत्येक फाट्यावर थबकले. बुटाने पाचोळा इकडेतिकडे केला.

"काही हरवलं का?" निरीक्षकांनी विचारलं.

"नाही," टेलर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

पायथ्याशी गाड्यांच्या पावत्या फाडणारी बाई खुर्ची आवरत होती. शेजारी कचऱ्याचा डबा. निरीक्षकांनी पिशवी त्यात उपडी केली. कागद आधी पडले, मग बिया, मग संत्र्याच्या साली. फाट्याफाट्यावरच्या, एकही सुटली नव्हती. बायकोला दिलेला शब्द पाळून डोंगरही साफ केला, म्हणून त्यांना आज प्रथमच जरा बरं वाटलं.

टेलर डब्याकडे बघतच राहिले.

"तुमच्यात टेलरकाका कोण?" बाईने विचारलं. "सकाळी तुमच्या मागोमाग एकजण आली होती. कडेवर पोर होतं. पहिल्या फाट्यापर्यंत गेली, बराच वेळ खाली वाकून काहीतरी शोधत होती, मग परत फिरली. डोळे पुसत होती हो. निरोप ठेवलाय तिने. म्हणाली, काकांना सांगा, फाट्यावर साल नव्हती. बाबा नको म्हणाले ते समजलं. आता पुन्हा त्यांना विचारू नका."