खुंटीवरचा सदरा

सिंधूबाईचा नवरा नामाजी मेंढ्या सोडून रत्नागिरीला बोटीवर कामाला लागला. हौशी साहेबांना ट्यूना मासा गळाला लावायला तो खोल समुद्रात न्यायचा.

इकडे गावी, हट्ट्याला, रेडिओवर मच्छीमारांना वादळाचा इशारा आला, की खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यातून खारं पाणी ठिबकायचं. मेंढ्या ते चाटायच्या.

"काहून पिळून राहिलीस सारखी?" सासू म्हणायची.

"मंग काय करू, आत्याबाई? हात गळून गेले माझे."

आज रेडिओ म्हणाला, समुद्र शांत आहे. सदराही कोरडा होता. सिंधूबाई दमून भिंतीला टेकली.

मेंढ्या मात्र दारात गोळा झाल्या. पूर्वी नामाजी तिथं उभा राहून त्यांना तळहातावरचं मीठ चारायचा. तशाच माना वर करून त्या रिकामी हवा चाटत होत्या.