टेकवलेली खुर्ची

"कोणी नाहीये मागे," नवरा हसून म्हणाला. "जेव बरं. ताटात टाकायचं नाही. अन्न वाया गेलेलं मला खपत नाही, माहितीये ना?"

तिने तिसऱ्यांदा वळून पाहिलं होतं. जुन्या हॉटेलचं ते लांबलचक जेवणघर भर दुपारीही अंधारलेलं होतं. टेबलं वीस आणि जेवणारी माणसं दोन. ज्या खुर्चीवर कोणी बसणार नाही, ती पुढे झुकवून टेबलाला टेकवायची, ही इथली पद्धत. त्यामुळे जिकडेतिकडे खुर्च्या माना खाली घातल्यासारख्या दिसत. भिंतीवरच्या डागाळलेल्या आरशात त्या दुप्पट व्हायच्या. तिला पहिल्या दिवसापासून इथे घास उतरत नव्हता. म्हातारा वाढपी तर पाय न वाजवता यायचा आणि एकदम कानाशी बोलायचा.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" नवऱ्याने आपल्या बिनमिठाच्या सूपचा शेवटचा चमचा तोंड वाकडं करून गिळला. रक्तदाबाचं पथ्य होतं ना. "मी वरून बूट घालून येतो. ऊन आहे तोवर कड्यावर पोचू."

बारा वर्षांत त्याने तिला कोपऱ्यावरच्या बागेतसुद्धा नेलं नव्हतं. गेल्या महिन्यात वडिलांचं घर तिच्या नावावर झालं आणि त्याची जीभ अचानक गोड झाली. तिलाही ते आवडलं, खोटं कशाला बोला.

ती हात पुसून उठली. वाढपी पाठीशी उभाच होता. त्याने टेबल पुसलं आणि तिथेच रात्रीची मांडणी सुरू केली. एक ताट ठेवलं. मग तिची खुर्ची उचलली, पुढे झुकवली आणि टेबलाला टेकवली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अहो, आम्ही दोघंही आहोत की रात्री जेवायला."

"रात्री एकच ताट आहे, बाई. बाजार लांब, म्हणून आम्ही सकाळीच विचारून ठेवतो. साहेबांनीच सांगितलं. एक, बिनमिठाचं."

जिन्यावर बूट वाजले. "आवरलं का गं? चल ना लवकर!"

ती खुर्चीकडे बघत राहिली. इतके दिवस ती उगाच आरशांना भीत होती. मग हळूहळू तिला राग आला. बारा वर्षांचा साठलेला राग.

"आले हं!" तिने गोड आवाजात ओ दिली. पर्स खांद्याला अडकवली आणि वाढप्याकडे वळली.

"बरोबर आहे, एकच ठेवा," ती म्हणाली. "फक्त मीठ घाला."