चार घड्या

शिंप्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि दातांच्या दवाखान्यातल्या टेबलावर उघडली. आत दाढेच्या आकाराचा पांढरा खडा होता.

"आलं बघा बाहेर तुमचं सिमेंट. नुसता चहा पीत होतो. अहो, मी लावलेलं बटण याच्यापेक्षा जास्त टिकतं."

ते भरणारी ताईची भावजय ओशाळली. पंधरवड्यातला हा तिसरा. तिने खडा उलटा करून पाहिला. खालची बाजू गुळगुळीत होती, दाढेला कधी चिकटलीच नसावी तशी.

शेजारच्या खुर्चीपाशी दात बघायचे आरसे पुसत ताईने तेवढं बरोबर टिपलं. तिला आतून गार वाटलं.

"हात हलका आहे ना आमच्या वहिनींचा," ती शिंप्याला म्हणाली. "म्हणून सिमेंटही हलकंच बसतं."

शिंपी हसला. भावजयही हसली, ते ताईला जास्त झोंबलं.

हलका हात. वीस वर्षं बाबा हे फक्त आपल्या लेकीबद्दल, ताईबद्दल म्हणत आले होते. आठ महिन्यांपूर्वी धाकट्या भावाची बायको दवाखान्यात येऊ लागली आणि एका दुपारी बाबा तिच्याबद्दलही तेच म्हणून गेले, सहज, चष्मा पुसता पुसता. आता ते काम थांबवणार होते. खिडकीजवळची त्यांची खुर्ची कोणाला, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पेशंट मात्र दारातूनच विचारायचे, "नव्या डॉक्टर आहेत ना?"

ताईने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. ती फक्त गप्प होती. सिमेंटच्या आधी दाताला लावायच्या चिकटद्रवाची नवी बाटली भावजयीने मागवली होती. जुन्या दोन बाटल्यांचं काम एकीतच. सोबतचं पत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. ते ताईने वाचलं. दिव्याच्या उजेडाने झटकन कडक होणाऱ्या सिमेंटखाली ही बाटली चालते. पण खोल दाढेच्या तळाशी उजेड पोचत नाही. तिथे दोन पेस्ट कालवून भरतात आणि ते सिमेंट आपलं आपण, सावकाश कडक होतं. तेवढ्या वेळात या द्रवातलं आम्ल त्याला खालून धरूच देत नाही. ताईने पत्रकाची घडी घालून ते खोक्यात ठेवलं, जुन्या दोन बाटल्या स्वतःच्या खणात सरकवल्या, आणि तोंड मिटलं.

शिंप्याला उद्याची वेळ देऊन भावजय वळली, तर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत आडवे झाले होते.

"माझंही जुनं सिमेंट निघालंय. खालची, शेवटची दाढ. सूनबाई, तू भर."

आजवर त्यांनी स्वतःचा दात ताईशिवाय कोणाच्या हाती दिला नव्हता.

भावजयीने दाढ साफ केली. खड्डा खोल होता. तिने दोन्ही पेस्ट काढून ठेवल्या आणि नवी, काळी बाटली उचलली. ताई तोच आरसा पुन्हा पुसत राहिली. गप्प राहिलं की झालं. पंधरा दिवसांत बाबाच पुडी घेऊन येतील आणि खुर्चीचं ठरून जाईल. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं होतं. ताईने त्यात वर्षानुवर्षं बसवलेलं बाकी सगळं जिथल्या तिथे होतं.

"थांबा वहिनी," ती म्हणाली. "ती बाटली नको. या पेस्टखाली ती धरत नाही."

भावजयीने बाटली आधीच उलटी केली होती. थेंब पडला नाही. तिने ती हलवून पाहिली.

"रिकामी? काल तर अर्धी होती, ताई."

बाबांनी तोंडातला कापूस काढला आणि ते उठून बसले.

"काल संध्याकाळी मी ओतून दिली. दुसऱ्यांदा सिमेंट निघालं तेव्हा पत्रक काढून वाचलं. चार घड्या होत्या त्याला, कडा नखाने दाबलेल्या. शाळेत असल्यापासून अशा घड्या आपल्या घरात एकच जण घालतं."

भावजयीने ताईकडे पाहिलं. मग टेबलावरच्या पुडीकडे. ताईच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

"माझी दाढ होती म्हणून बोललीस," बाबा म्हणाले. "शिंप्याचीही दाढच होती."