कुणाच्या हातात

बाहेरच्या खोलीत कपाटाचा खालचा खण कुरकुरला. घर इतकं शांत होतं, की तो अगदी कानाशी वाजल्यासारखा वाटला.

"बिट्टे, काय शोधतेस गं?"

"काही नाही."

सहा वर्षांच्या मुलीचं 'काही नाही' म्हणजे काहीतरी नक्की असतं, हे आईला ठाऊक होतं. पण समोर पडद्यावर चित्र थांबवून ठेवलं होतं आणि साहेबांचा फोन आता येणार होता. ती उठली नाही.

तिचं काम घरूनच चालायचं. दूर देशातल्या जिहादी टोळ्या आपला तोरा दाखवायला जे व्हिडिओ सोडतात, ते आवाज बंद करून बघायचे. चेहरे झाकलेले असत, म्हणून ती हत्यारं बघे. कुठल्या बंदुकीच्या दस्त्याला पट्टी गुंडाळलीय, कुठल्या नळीला पोचा आलाय. पोरांच्या कंपासपेट्या आयांना ओळखू येतात, तशी तिला ती ओळखू येत.

आज पडद्यावर गाडीवर बसवलेली मोठी मशिनगन होती. तिच्यापुढची ढाल म्हणजे कुणाच्यातरी घराचं कापून आणलेलं निळं लोखंडी दार, कडीसकट. दोन वर्षं ही मशिनगन डोंगरवाल्यांकडे होती. आता तिच्यामागे नदीवाल्यांचा माणूस बसला होता. टोळ्यांची ही नावं तिनंच पाडलेली.

फोन आला.

"लूट असेल," साहेब म्हणाले.

"लूट असती तर चादरीवर ओळीनं मांडून दाखवली असती, सर. दुकान लावल्यासारखी. ही मांडलेली नाही, वापरात आहे. लुटलेलं मिरवतात. आपलं झालेलं कोण मिरवतं?"

"म्हणजे?"

"दोघं एक झालेत. आता थांबायचे नाहीत, शहराकडे सरकणार."

"किती दिवस आहेत?"

"फार नाहीत."

फोन ठेवून ती वळली, तर बिट्टी दारात उभी. हातात टॉर्च.

"काकूकडे जाऊ?"

"जा."

हा 'जा' तिला रोज बोचायचा.

समोरच्या दारातली काकू कपडे शिवायची. शाळा सुटल्यावर दोन-तीन तास बिट्टीनं तिच्याकडे बसायचं, हे सोय म्हणून सुरू झालं होतं. आता वेणी काकूच घालायची, कारण "ती केस ओढत नाही". गोष्टही काकूच सांगायची, कारण "आई, तू मध्येच फोन घेतेस". काय होतं त्या घरात? एक शिलाई मशीन, एक पलंग. साधा टीव्हीसुद्धा नाही. तरी पोरीचं दप्तर इकडे आणि पाय तिकडे.

आणि आठ दिवसांपासून वस्तू जाऊ लागल्या होत्या. आधी लोकरीची टोपी. मग पाण्याची बाटली, बिस्किटांचा डबा. मग परगावी नोकरीला असलेल्या बाबांचा फोटो, चौकटीसकट. विचारलं की उत्तर एकच, "काकूकडे आहे." तिनं दर वेळी राग गिळला. टोपीवरून कुणी भांडतं का?

ती खणापाशी गेली. खण रिकामा होता. तिची शाल नव्हती. बिट्टी तान्ही असताना जिच्यात दोघी एकत्र झोपायच्या, ती शाल.

ती अनवाणीच समोर गेली.

काकूनं दार उघडलं. ओठांत टाचण्या होत्या, म्हणून तिनं नुसतं मानेनंच 'या' म्हटलं.

रोजच्या सवयीनं आईची नजर खोलीभर फिरली. टोपी खुंटीला. बिट्टीचा ब्रश काकूच्या ब्रशशेजारी, एकाच पेल्यात. फोटो उशाशी. शाल पलंगावर, छान घडी घालून. काहीही मांडून ठेवलेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी, जणू पहिल्यापासून इथलंच.



"छान थाटलाय की संसार, माझ्या मुलीचा!"

काकूनं टाचण्या काढल्या. "अहो, मी एक वस्तू मागितली नाही. तीच आणते. म्हटलं, आईला विचारलंस का? तर म्हणे, आईला एवढ्यात सांगायचं नाही."

"आणि तुम्ही ठेवून घेतलंत."

"पोरीचा खेळ म्हणून ठेवलं. आणि तुम्हाला आज आठ दिवसांनी जाग आली होय? दिवसभर लोकांच्या बंदुका ओळखत बसता, घरातली टोपी गेलेली कळत नाही?"

हे मात्र वर्मी लागलं.

"उद्यापासून ती इथे येणार नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आई मी आहे तिची. तुम्ही नाही."

काकू मशीनवरचं अर्धवट झबलं उगाच सारखं करत राहिली.

पलंगाखाली उजेड हलला. बिट्टी टॉर्च घेऊन सरपटत बाहेर आली, गुडघ्यांना धूळ लागलेली.

आई खाली बसली. मुलीचे दोन्ही दंड धरले.

"खरं सांग. मी रागावणार नाही. काकू माझ्यापेक्षा जास्त आवडते ना? म्हणून तुला इथे राहायचंय?"

बिट्टीला प्रश्नच कळला नाही.

"मला नाही गं. आपल्याला."

"आपल्याला?"

"इथे कॉम्प्युटर नाहीये ना. मग त्या माणसांना इथलं काही दिसत नाही. तिकडे तू रोज त्यांच्या समोरच बसतेस." बिट्टीनं आवाज अगदी हळू केला. "पलंगाखाली दोघींची जागा केलीय. फरशी गार आहे म्हणून तुझी शाल आणली. सगळं आणून झालं, आता तूच राहिलीस. आई, ते यायच्या आधी येशील ना?"