पहिली ओळ

"एक्सेलमध्ये कुठे प्रोसेसर बनतो का? नसते उद्योग!" असं चार महिने हिणवणारे पॉलिटेक्निकचे विभागप्रमुख परीक्षकांना सांगत होते, "लॅबमधले प्रोसेसर शिकवायचे किट बंद पडले, म्हणून एक्सेलमध्ये मीच प्रोसेसर बनवला."

लॅब असिस्टंट शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेका फॉर्म्युल्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. शीटवरचं तिचं नाव काढताना सरांनी पहिली अख्खी ओळच उडवली होती. प्रोसेसरने पुढे काय करायचं ते ठरवणारा आकडा त्याच ओळीत होता. ते दिसूनही ती गप्प बसली.

"दोन अधिक तीन करून दाखवा," परीक्षक म्हणाले.

सरांनी बटण दाबलं. चौकटीचौकटीत एरर उमटला. "मॅडम, जरा बघा हो!"

मूळ फाइलचा पेनड्राइव्ह शर्वाणीने पर्समध्येच मुठीत आवळला.

"तुम्हीच बनवलाय ना, सर? तुम्हीच बघा."