लाकडाचं भिक्षापात्र

"धर बरं दोन्ही हातांत. जड लागतंय का?"

साहेबरावनं लेथवरून उतरवलेलं पात्र लेकीच्या ओंजळीत ठेवलं. करुणानं ते पोटाशी धरून पाहिलं आणि खिशातून व्हर्नियर काढला. रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला होती ना. नोकरी सोडली तरी मोजायची खोड कुठली सुटायला.

"कड अजून जाड हाय आबा."

"व्हय? मंग उद्या परत लावतो."

कड जाड आहे हे साहेबरावला न मोजताच ठाऊक होतं. त्यानंच ठेवली होती. काम संपूच नये असं त्याला वाटत होतं, आणि संपलं नाही तर पुढचा डाव कसा साधणार, म्हणून जीव खालीवरही होत होता.

कारेगावात त्याचं लाटणी-पोळपाटाचं दुकान. एकुलती एक करुणा. पावसाळ्यात ती दहा दिवस भिक्खुणीसारखं राहायच्या श्रामणेरी शिबिराला म्हणून गेली आणि आली ती ठरवूनच आली. भगवं चीवर घालायचं, नागपूरच्या भिक्खुणींबरोबर राहायचं. कायमचं. त्या दिवसापासून साहेबरावनं तिच्याशी बोलणं टाकलं. "तिला सांग, पंखा बंद कर," असं तो बायकोला म्हणायचा, आणि पंख्याचं बटण पोरीच्या हाताशी असायचं. सोजरबाई दोघांचे निरोप पोचवून वैतागली होती.

दीक्षेआधी भन्ते आईबापाची परवानगी विचारतात. सोजरबाईनं डोळ्यांना पदर लावून का होईना, दिली होती. साहेबराव हो म्हणेना, नाही म्हणेना. नाही म्हटलं तर पोरगी थांबली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण मग ती जन्मभर त्याच्यासमोर मान खाली घालून वावरली असती. ते बघायची त्याची छाती नव्हती. 'नाही' कुणीतरी दुसऱ्यानं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

आणि एक दिवस करुणा दुकानात येऊन म्हणाली, "आबा, मला पात्र तुमच्या हातचं पाहिजे."

साहेबराव लेथ बंद करून तिच्याकडं बघतच राहिला. मागं एकदा त्यानं विहाराला दान म्हणून पात्रं करायला घेतली होती, तेव्हा म्हाताऱ्या भन्तेंनी त्याला समजावलं होतं. भिक्खूला लोखंडाचं चालतं, मातीचं चालतं. लाकडाचं भगवंतांनीच मना केलंय. पोरीला हे ठाऊक नाही, असं त्यानं धरलं. ऐन दीक्षेत पात्र परत फिरलं की सगळाच खोळंबा होणार. खोळंबा झाला की नागपूरची गाडी चुकणार. आणि एकदा घरी परतली की कोण जातंय परत? जे 'नाही' त्याच्यानं म्हणवत नव्हतं, ते लाकूड म्हणणार होतं.

"कसलं लाकूड आणू?" त्यानं विचारलं. कित्येक महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

तिथून रोज तिला दुकानात हाक जायला लागली. ओंजळीचं माप घ्यायचं होतं. खोली किती, तेही ठरवायचं होतं. पहिल्या पात्राचं बूड पटाशीनं पार फोडलं. दुसरं चिरलं. तिसरं तो मुद्दाम रेंगाळत करत होता. करुणा ओंडक्यावर बसून ढलप्या चुरत राहायची. तिथं जेवाया काय देतात, उन्हाचं अनवाणी चालायचं का, पाय फुटले तर काय करायचं, असं तो लेथच्या घरघरीत विचारत सुटायचा. ती हसत सांगायची. सोजरबाई दोघांना चहा आणून द्यायची. "सुटले बाई मी. तुमची टपालकी करून पायाचे तुकडे पडले हुते," म्हणायची.

पोरीला फसवतोय याची त्याला लाज वाटत होती. पण ती जाईल ही भीती त्या लाजेहून मोठी होती. एकदा तोंडाशी आलंच.

"करुणा, हे लाकूड..."

"काय आबा?"

"काय न्हाई. वाळलंय चांगलं."

दीक्षेच्या दिवशी दौंडच्या विहारात सकाळपासून माणसं जमली. करुणाचं मुंडण झालं होतं. साहेबराव तिच्या डोक्याकडं बघायचं टाळत होता. कधी उठायचा, कधी बसायचा, चपला नीट लावायचा, पुन्हा आत यायचा. नागपूरच्या दोघी भिक्खुणी रात्रीच्या गाडीची तिकिटं घेऊन बसल्या होत्या.

"पात्र आणलंय?" भन्तेंनी विचारलं.

करुणानं पिशवीत हात घातला आणि काळं, लोखंडाचं पात्र काढून समोर ठेवलं.

"आन् माझं?" तो सगळ्यांदेखत बोलून गेला.

"घरी फळीवर हाय. लाकडाचं चालत न्हाई आबा. शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं."

"मंग करून कशाला घेतलंस?"

करुणानं खाली बघितलं. "तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. बोलाया तर लावायचं हुतं."

मग भन्ते साहेबरावकडं वळले. "आईची परवानगी आहे. तुमची आहे का?"

साहेबरावनं पहिल्यांदा लेकीच्या बोडक्या डोक्याकडं नीट पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. "पर गाडी रातची हाय, भन्ते. तवर तिला माझ्याजवळ बसू द्या. आमचं बोलायचं राह्यलंय."